हार घातलेले क्वेकर

मॅट्रिक झाल्यावर मला मुंबईहून महाडला पाठवलं, तेव्हा मुंबईची हवा मला मानवत नाही असं सांगण्यात आलं. त्या हवेत मी जन्मापासून वाढले होते आणि एकदाही अंथरुणाला खिळले नव्हते. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला कॉलेजात जायचं होतं, आणि मुलींच्या बाबतीत काय ते थोरले काका ठरवत. वडील काकांना विचारल्याशिवाय टेबलफॅनसुद्धा विकत घेत नसत. त्यांनी माझ्या कॉलेजचं काकांना कळवलं. काकांचं उत्तर आलं, 'मुलीला इकडे पाठव. पाहू.'

महाडला आल्यावर काका काय पाहत होते ते कळलं. ते स्थळ पाहत होते.

काका वकील होते. सकाळी कोर्ट असे आणि उरलेल्या वेळात ते अध्यक्ष असत. वाचनालयाचे, तालमीचे, स्मशान सुधार समितीचे. चार माणसं एके ठिकाणी जमली की त्यांना अध्यक्ष लागे, आणि काका सहसा जवळपासच असत. त्यांच्याकडे एक भाषण कायमचं तयार होतं. थोर पुरुषाचं नाव तेवढं बदललं की ते पुन्हा ताजं होई.

माझं इंग्रजी ही त्या घरात चांदीच्या अत्तरदाणीसारखी वस्तू झाली. पाहुणे आले की बाहेर काढायची, गेले की ठेवून द्यायची. मी चहाचा ट्रे घेऊन आले की काका म्हणत, "जरा इंग्लिशमध्ये बोल बघू." काय बोलायचं ते कोणी सांगत नसे. मी 'गुड इव्हिनिंग' म्हणत असे, दुपार असली तरी. पाहुणे माना डोलवत. काकू पदराआडून म्हणे, "बोलत नाही फारशी, पण आत भरपूर आहे." मी खरंच फारशी बोलत नसे. मुंबईत मिशनच्या शाळेत बोललं की चुका निघत आणि महाडात बोललं की पाहुणे निघत नसत.

अशातच पोलादपूरच्या बाई आमच्याकडे आल्या.

त्या इंग्लंडच्या, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या. पोलादपूरला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत. आसपासच्या वाड्यांवर पायी फिरत, तान्ह्या मुलांची वजनं करत, पाणी उकळून प्यायला सांगत. पन्नाशीच्या असतील. राखी रंगाचा झगा, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला खादीची झोळी. लग्न केलेलं नव्हतं. हे काकूला फार लागलं होतं. "एकटी? आणि हिचे आईबाप गप्प बसले?" असं तिने मला स्वयंपाकघरात तीनदा विचारलं, जणू मी त्यांच्या घरचीच होते.

बाईंना वाचनालयाचा हॉल एका रविवारपुरता हवा होता. त्यांच्याकडे जुन्या फोटोंची एक पेटी होती. त्यांच्या पंथातल्या कुटुंबांचे, सभांचे, शाळांचे, सहलींचे फोटो. काही त्यांच्या आजीच्या काळातले, काही त्याहून जुने. बाई वाड्यांवर कॅमेरा घेऊन जात आणि तिथल्या माणसांचे फोटो काढत. त्यांना वाटू लागलं होतं की हे एकतर्फी आहे. "मी त्यांची घरं बघते," त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, "तर त्यांनी माझी का बघू नयेत?" फोटोंखाली मराठीत दोन ओळी लिहायला त्यांना कोणीतरी हवं होतं.

"ही घ्या," काका म्हणाले. "माझी पुतणी. संपूर्ण इंग्लिश मिडियम."

वाचनालयाचं पुस्तक देतानासुद्धा काका सभासदाचं कार्ड मागत.

मग मी एसटीने पोलादपूरला जाऊ लागले. बाई फोटो चटईवर मांडत आणि कोण कोण आहे ते सांगत. फार कमी शब्दांत सांगत आणि मध्येच थांबत. त्या थांबल्या की आपण काही बोलावं अशी अपेक्षा नसे. मला त्यांच्याबरोबर बसायला आवडायचं याचं कारण तेच होतं. महाडच्या घरात मी गप्प बसले की कोणीतरी काळजी करत असे.

फोटोंतली माणसंही गप्प होती. एका घरापुढे अकरा जणांचं कुटुंब, सगळ्यांत लहान मूल मोठ्या बहिणीच्या मांडीवर, कोणीही हसत नव्हतं. दोन बहिणी एका सायकलीला धरून उभ्या. एक लग्न. त्यात नवरी राखी कपड्यांत, भटजी नाही, पाद्री नाही, एका लांब कागदावर लग्नाला आलेली सगळी माणसं सही करायला रांगेत उभी. आणि सभेचे फोटो तर पुष्कळ. मोकळी खोली, भिंतीवर काही नाही, समोरासमोर बाकं. एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. बायकांची डोकी पांढऱ्या टोप्यांनी झाकलेली. सगळ्यांचे डोळे खाली.

मी लिहिलेल्या ओळी काकांनी तपासायला घेतल्या. ते खटल्याचे कागद वाचावेत तसे चष्मा कपाळावर चढवून वाचत.

"या सभेत अध्यक्ष कोण?"

"नसतो, काका."

"नसतो म्हणजे त्या दिवशी आला नव्हता?"

"त्यांच्यात अध्यक्षच नसतो. सगळे येऊन गप्प बसतात. कोणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर उठून सांगतो. नाहीतर नाही."

"आणि संपते कशी?"

"दोन वडीलधारी माणसं एकमेकांशी हात मिळवतात. मग सगळे उठतात."

काकांनी चष्मा खाली घेतला. "आभारप्रदर्शन नाही?"

"नाही."

"अशा सभेचा वृत्तांत लिहिणार तरी काय!" त्यांनी लग्नाचा फोटो उचलला. "आणि हे? या कागदावर मुलीची पण सही?"

"तिची आणि नवऱ्याची सगळ्यांत आधी."

"कमाल आहे," काका म्हणाले आणि तो फोटो हॉलच्या मागच्या भिंतीवर, कपाटाच्या बाजूला लावायचं ठरलं.

त्याच आठवड्यात पुण्याहून पत्र आलं. मुलगा इंजिनिअर, पुढच्या शिक्षणाला विलायतेला जायचा होता, आणि त्याच्या आईला इंग्रजी बोलणारी सून हवी होती. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण मुलगी ते बोलते का हे त्या स्वतःच्या कानांनी ऐकणार होत्या. मुलाला जायची घाई होती. पसंती झाली तर लग्न ज्येष्ठातच. आणि कॉलेजचे प्रवेशही त्याच महिन्यात. म्हणजे हे स्थळ जमलं की माझं कॉलेज कायमचं संपलं, हे सगळ्यांना न सांगता समजलं होतं. मी नाही म्हणावं का, असा प्रश्न कोणाला पडला नव्हता, कारण मला काही विचारलंच गेलं नव्हतं. विचारलं असतं तर मी बोलले असते की नाही, याची मलाही खात्री नव्हती.

काकांना मात्र एक कल्पना सुचली. मुलगी बघण्याचा कार्यक्रम घरात कशाला? प्रदर्शनाच्या दिवशीच पाहुण्यांना बोलवायचं. मुलगी स्टेजवर उभी राहून फोटोंची माहिती इंग्लिशमध्ये सांगेल, समोर गावातली प्रतिष्ठित मंडळी, शेजारी खरी इंग्लिश बाई. "याच्यापुढे पोहे काय करतील?" काका म्हणाले. भाषणही त्यांनीच लिहून दिलं. 'लेडीज अँड जंटलमन'नंतर एक वाक्य होतं, ते पान उलटल्यावर संपत होतं.

मी ते आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिल्या स्वल्पविरामाला माझा आवाज गेला.

बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच वाटत होतं की फोटो आधी ज्यांना दाखवायचे त्यांनाच दाखवावेत. म्हणून प्रदर्शनाच्या चार दिवस आधी त्या मला कापडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवर घेऊन गेल्या. पावसाआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजायचे दिवस होते, सगळ्या डोंगराला धुराचा वास होता. मे महिन्याच्या सुट्टीमुळे मुंबईची माणसंही वाडीत आलेली. देवळापुढच्या पारावर फोटो मांडले आणि माणसं भोवती जमली.

पाहता पाहता कुजबुज थांबली. बायकांनी डोक्यावरचे पदर पुढे ओढले. वाडीत जिच्या शब्दाला मान होता अशी एक म्हातारी होती. सगळे तिला थोरली आये म्हणत. तिने सभेचा फोटो दोन्ही हातांत धरला आणि मला हळूच विचारलं, "कोन गेलं गो?"

"कोणी नाही गेलं, आये. ही त्यांची प्रार्थना आहे."

"पारथना? टाळ नाय, देव नाय, दिवा नाय?"

"ते असेच बसतात. गप्प."

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तू ल्हान हायस."

मागून एक जण पुढे आला. तो मुंबईत गिरणीत होता आणि गावी आल्यावरही त्याने पायातले बूट काढले नव्हते. त्याने फोटोवर एकच नजर टाकली. "आये, हा मयताचा फोटू हाय. मी डोळ्यानी बगितलंय ममईला. सायबाची लोकं मयताला अशीच बसतात. एकदम चूप. बायका टोप्या घालून. सेम टू सेम."

यावर काही बोलायला जागाच उरली नाही. तो मुंबईला राहत होता.

आये बाईंकडे वळली. फोटोतल्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून ती विचारू लागली आणि बाई आपल्या तुटक्या मराठीत उत्तर देऊ लागल्या, कारण मराठीत बोलायची संधी त्या सोडत नसत. "ही माझी आई. ही आजी. हे काका. ही आत्या."

"आता कुठं हायत सगली?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी फोटोकडे पाहिलं आणि हात किंचित उघडले. "आता कोणी नाही," त्या मराठीत म्हणाल्या.

पारावरचा एक जण हळूच म्हणाला, "पटकीची साथ आसंल." दुसरा म्हणाला, "सगली एकदम गेली म्हंजी पटकीच." आयेने फोटो पदराने पुसला आणि परत दिला. बाईंनी सगळ्यांना रविवारचं आमंत्रण दिलं, महाडला, वाचनालयात, तिथे अजून खूप फोटो असतील. "तिथं तुझी सगली मानसं आसतील?" आयेने विचारलं. बाई म्हणाल्या, हो, सगळी.

"आमी येतो. न येऊन कसं चालंल?"

उतरताना बाई फार खूश होत्या. एवढ्या लांबून ही माणसं फोटो पाहायला येणार! मी त्यांना सांगायला सुरुवात केली की त्यांचा जरा गैरसमज झाला आहे, ते हे दुःखाचे फोटो समजत आहेत. बाई म्हणाल्या, "पहिल्यांदा पाहताना मलाही ते दुःखाचेच वाटले होते." आणि पुढे चालू लागल्या. त्या माणसांनी काही खायला न देता आम्हाला निरोप दिला होता, चहासुद्धा झाला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण सुतकातल्या माणसाला आपल्या दारात चहापाणी करायचं नसतं, त्याच्या घरी आपण समाचाराला, म्हणजे दुःखात भेटायला, जायचं असतं, ही तिथली रीत मला नंतर कळली. मुंबईच्या शाळेत तो विषय नव्हता.

रविवारी हॉल सजला. काकांनी वाचनालयाच्या शिपायाला सकाळीच बजावून ठेवलं होतं की फोटोंना हार हवेत. हे काकांच्या दृष्टीने ओघानेच आलं. त्यांच्या सर्व कार्यक्रमांत एक फोटो असे आणि त्याला हार असे. फरक इतकाच की या वेळी फोटो पन्नासच्या वर होते. शिपायाने बाजारातला झेंडू संपवला. मी पोचले तेव्हा त्या अकरा जणांच्या कुटुंबापासून सायकलवाल्या बहिणींपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या, आणि खाली एका ताटलीत उदबत्त्या धुमसत होत्या.

"कसं वाटतंय?" काकांनी विचारलं.

"भरगच्च," मी म्हटलं.

पुढे खुर्च्या, त्यावर प्रतिष्ठित मंडळी. मागे जाजम. पुण्याची मंडळी वरंध घाटातून मोटारीने येणार होती आणि उशीर झाला होता. काका दर थोड्या वेळाने दाराकडे पाहत. मी दाराशी उभी होते, हातात भाषण होतं आणि कागदाला घामाने बोटांचे ठसे उमटले होते. काकूने मला तिची मोरपिशी साडी नेसवली होती. ती मला अशी झाली होती की मी आत आहे हे शोधावं लागे.

तेवढ्यात वाडीची माणसं आली. पोलादपूरच्या गाडीतून उतरून, ओळीने, एकही शब्द न बोलता. पुरुषांनी पायताणं बाहेर काढली. बायकांचे पदर कपाळापर्यंत. आयेच्या डोक्यावर फडक्याने झाकलेली पाटी होती. तिने आत पाऊल टाकलं, चारी भिंतींवरचे हार पाहिले, आणि तिचे डोळे भरून आले. एवढी माणसं! ती मागच्या जाजमावर बसली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, समोरासमोर. माना खाली.

बाई आतल्या खोलीतून आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. स्टेजवरच्या खुर्चीत त्यांचं नाव लिहिलेला कागद होता. त्या स्टेजकडे गेल्याच नाहीत. बायकांच्या बाजूला, आयेच्या शेजारी जाजमावर जाऊन बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

हॉल एकदम शांत झाला.

खुर्च्यांवरची मंडळी मागे वळून पाहू लागली. हार घातलेले फोटो, उदबत्ती, पाहुण्या बाईंचे मिटलेले डोळे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय करायचं हे त्यांना उत्तम माहीत होतं. निवृत्त मामलेदार आधी उठले. मग डॉक्टर, मग तेलाचे व्यापारी, मग सगळी रांग. हात जोडून, माना झुकवून सगळे स्तब्ध उभे राहिले. काकाही उभे राहिले. अध्यक्ष बसून कसे राहतील?

अशी स्तब्धता महाडात नेहमी पाळली जाई, आणि ती अध्यक्षांनी 'बसावं' म्हटल्यावर संपे. पण ही स्तब्धता काकांनी सुरू केली नव्हती. ती कोणासाठी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती संपवायची कशी हेही कळेना. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मामलेदारांनी एक डोळा उघडून काकांकडे पाहिलं. तेलाच्या व्यापाऱ्यांनी वजन डाव्या पायावरून उजव्या पायावर घेतलं. जाजमावर मात्र कोणाला घाई नव्हती. दुःखाच्या घरी बसायचं म्हणजे बसायचं, ती माणसं त्यासाठीच आली होती. आणि बाई त्यांच्या देशातल्या त्यांच्या त्या सभेत होत्या.

याच वेळी पुण्याची मंडळी दारात आली.

मुलाच्या आईचा चेहरा घाटाने पांढरा पडला होता. हातात ओटीचं ताट, नारळ, खण. मागे मुलगा, पेढ्यांचा पुडा धरून. त्यांनी आत पाहिलं. त्यांचा पाय उंबऱ्याच्या वर उचललेला होता, तो तसाच मागे आला. दाराशी फक्त मी होते.

"अगं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "कोण गेलं?"

या स्थळाच्या बाबतीत मला कोणी सरळ काही विचारण्याची ती पहिली वेळ होती. मी उत्तर शोधत राहिले नाही. ते समोरच्या भिंतींवरच टांगलेलं होतं.

"फोटोतली सगळी," मी म्हटलं.

"सगळी?"

"हो."

त्यांची नजर अकरा जणांच्या कुटुंबावर गेली. "ते मांडीवरचं लेकरूसुद्धा?"

"हो. तेसुद्धा."

ते लेकरू म्हणजे बाईंचे आजोबा. नातवंडं पाहून, भरपूर म्हातारे होऊन गेले होते. पण केव्हा, हे त्यांनी विचारलं नाही.

"व्हेरी सॅड," मुलगा मला म्हणाला. मी 'यस' म्हटलं. आमचं इंग्रजीत एवढंच बोलणं झालं. तो तसा सभ्य वाटला.

त्याच्या आईने ताटावर पदर टाकला. "शोकसभेत मुलगी दाखवतात? या गावात काही रीतभात?" हे त्या मला म्हणाल्या की फोटोंना, कळलं नाही. आतून काकांनी त्यांना पाहिलं. ते डोळे मोठे करून, भुवया उडवून, जोडलेल्या हातांच्या बोटांनी 'या, या' अशा खुणा करू लागले. ओरडायची सोय नव्हती, आणि जागा सोडली तर सगळी रांग हलली असती. मोटारीचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा काका श्रद्धांजलीतच होते.

त्यानंतर आयेने पाटीवरचं फडकं काढलं. नाचणीच्या भाकऱ्या आणि गाडग्यात पिठलं. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, जेवण शेजाऱ्यांनी न्यायचं असतं. तिने एक तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि बाईंच्या तोंडापुढे धरला.

"खा गो, बाय. दोन घास तरी खा. गेलेली काय येत न्हाईत. पन तू एकली नाय हायस. आमी हाव."

बाईंनी डोळे उघडले आणि हॉलभर शोधून माझ्याकडे पाहिलं. त्यांना आयेचं बोलणं समजलं नव्हतं. मी दारापासून जाजमापर्यंत गेले आणि उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, ते इंग्रजीत सांगितलं. आवाज कुठे अडकला नाही. काकांचा कागद माझ्या डाव्या हातात होता. त्याची गरज पडली नाही. वाक्यं फार लहान होती.

बाईंनी घास खाल्ला. मग आयेचा पिठल्याचा हात आपल्या हातात घेऊन दाबला आणि उठल्या. तेव्हा मामलेदार खुर्चीत जे बसले, ते सुस्कारा सोडून बसले.

वाडीची माणसं आली तशीच गेली. 'येतो' म्हणाली नाहीत, कारण अशा ठिकाणाहून निघताना ते म्हणायचं नसतं. काका त्यावरही चिडले. "निरोप घ्यायची पद्धत नाही! रानटी!" नंतर हॉलमध्ये आम्ही दोघी झेंडू काढत होतो तेव्हा मी बाईंना सगळं नीट सांगितलं. पटकी, समाचार, पिठलं, सगळं. त्यांनी एक हार सावकाश गुंडाळला. "त्यांचं फारसं चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "माझ्या गावच्या सभेत कोणीतरी सारखं खोकत असतं. इथे कोणीच खोकलं नाही."

घरी काकांनी मला समोर उभं केलं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"त्यांनी विचारलं, कोण गेलं. मी सांगितलं."

"मग खुलासा करायचा! मला हाक मारायची!"

"तुम्ही स्तब्ध उभे होतात."

काकूने मला डोक्यावरून अंघोळ करायला लावली आणि मोरपिशी साडी भिजत घातली. "परक्या मुलखाची मयतं, यांचं सुतक किती दिवस धरायचं ते पंचांगात पण नसेल," ती म्हणाली.

पुण्याच्या बाईंनी काकांना लिहिलं नाही, पण बाकी सगळ्यांना सांगितलं. महाडच्या वकिलांची पुतणी गोऱ्यांच्या मर्तिकाला दाराशी उभी होती, मोरपिशी साडी नेसून. ही गोष्ट घाटावर गेली आणि तिथून मोठी होऊन परत आली. आणखी एका स्थळाने 'पत्रिका जुळत नाही' कळवलं. त्यांना पत्रिका पाठवलीच नव्हती. काकांनी पुष्कळ विचार केला. मग एक दिवस जेवताना जाहीर केलं की लोक विसरेपर्यंत वर्ष-दोन वर्षं तरी मुलीला डोळ्यांआड ठेवलेलं बरं, आणि आजकाल त्यासाठी कॉलेजं आहेत.

"मुंबईलाच, पण हॉस्टेलवर. घरी राहिलीस की पाहुण्यांच्या नजरेला पडशील," ते म्हणाले. "मी तुझ्या वडिलांना कळवतो. मुलींनी शिकावं असं माझं मत पहिल्यापासूनच होतं."

"होतं हो," काकू म्हणाली आणि त्यांना भात वाढला.

"विषय इंग्रजी घ्यायचा."

मी ताटातली चटणी एका बाजूला सारली. त्या पेटीतली माणसं कुठून आली, कशी राहिली, एकमेकांसमोर बसून त्यांनी काय ठरवलं, हे मला अजून नीट कळलं नव्हतं. पारावरची माणसं तर त्याहून कमी कळली होती.

"इतिहास," मी म्हटलं.

काकांचा घास हातातच राहिला. काकूने माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं.

"पण तो शिकवतात इंग्लिशमध्येच ना?"

"हो, काका."

"मग चालेल."